डोलीचे पैसे सातांत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पंचवीस वर्षांचा इतिहास सचिवांनी आत्ताच सांगितला. पहिलं नळकनेक्शन, पहिला गणपती, बोअरवेलची ती भांडणं, सगळं आलं. मला म्हणाले, "काकू, तुम्ही जरा हलकंफुलकं बोला. तुमच्या कट्ट्याच्या सहलीचं सांगा." तर मी लेण्याद्रीच्या सहलीबद्दल बोलणार आहे. पण आधीच सांगते, मी तेहतीस वर्षं बँकेत काढली आहेत. त्यामुळे बोलता बोलता हिशेबावर येणार. सांभाळून घ्या.

आमचा कट्टा तुम्हाला ठाऊक आहे. गेटच्या आतलं ते कडुनिंबाखालचं बाकडं. संध्याकाळी साडेसहाला तिथं आम्ही सात जण असतो. तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ आणि माई, तळमजल्यावरचे नाना, शेजारच्या इमारतीतले आप्पा, इतिहासाचं वेड असलेले आपले मास्तर, आणि आम्ही दोघं. असतो म्हणजे, असायचो. गेल्या पावसाळ्यापासून भाऊंचं खुब्याचं दुखणं वाढलं आणि ते खाली यायचे बंद झाले. तीन मजले उतरायला त्यांना वीस मिनिटं लागतात, आणि चढायला किती लागतात ते माईंना विचारा. मग आम्हीच आळीपाळीने वर जायला लागलो. पण मंडळी, घरात बसून मारलेल्या गप्पा आणि कट्ट्यावरच्या गप्पा यांत फरक असतो.

सहलीचं निघालं ते आप्पांच्या मुलीमुळे. ती कामानिमित्त चीनमध्ये असते. शनिवार-रविवार जोडून ती मैत्रिणींबरोबर झांगजियाजी नावाच्या डोंगराळ भागात फिरून आली आणि तिने व्हिडिओ पाठवला. दगडाचे सरळसोट सुळके, मधून धुकं, आणि एका कड्याला चक्क काचेची लिफ्ट लावलेली! ३२६ मीटर उंच. माणसं खाली आत शिरतात आणि वर डोंगरावर बाहेर पडतात. भाऊंनी तो व्हिडिओ तीनदा बघितला. मग म्हणाले, "डोंगराला लिफ्ट आहे, आपल्या इमारतीला नाही." सगळे हसले. नाना हसले नाहीत. त्याचं कारण पुढे येईल.

मास्तर म्हणाले, "चीन राहू दे, आपला डोंगर काय वाईट आहे? लेण्याद्रीला जाऊ. शनिवारी निघायचं, रविवारी परत." संक्रांत झाली होती, हवा छान होती. आप्पांची सात सीटची गाडी होती. ठरलं.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. भाऊंना खाली आणायला आमच्या ह्यांनी आणि आप्पांनी खुर्ची नेली होती, पण ते चालतच उतरले. नाशिक रस्त्याने भोसरी सोडली की मास्तरांची शाळा सुरू होते. त्यांनी आम्हाला नद्या मोजायला लावल्या. मोशीला इंद्रायणी, राजगुरुनगरला भीमा, मंचर सोडल्यावर कळंबला घोड, नारायणगावला मीना, आणि जुन्नरला कुकडी. पाच नद्या, सगळ्या सह्याद्रीत उगम पावून पूर्वेला निघालेल्या. आपण उत्तरेकडे जातो म्हणून एकेक करून सगळ्या ओलांडतो. मी इतक्या वेळा त्या रस्त्याने गेले आहे, पण नद्या पहिल्यांदाच मोजल्या. नारायणगावला मिसळ खाल्ली. तिथून आत वळलं की पंधराएक किलोमीटरवर जुन्नर, आणि पुढे कुकडी ओलांडून पाचेक किलोमीटरवर लेण्याद्री.

लेण्याद्री म्हणजे अष्टविनायकांतला गिरिजात्मज. आठांपैकी डोंगरावर असलेला हा एकच गणपती, आणि तोही बौद्ध लेण्यात. पार्वतीने पुत्रासाठी इथं बारा वर्षं तप केलं अशी कथा आहे. गिरिजेचा आत्मज म्हणून गिरिजात्मज. वर जायला तीनशेच्या आसपास पायऱ्या. पायथ्याशी उभं राहून मान वर केली की काळ्या कड्यात ओळीने कोरलेली दारं दिसतात. साधारण तीस लेणी आहेत.

गाडीतून उतरलो. भाऊंनी एकदा वर बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही जा. मी इथं चहाच्या टपरीवर बसतो."

हे वाक्य ऐकून माईंचा चेहरा जो झाला, तो मी विसरणार नाही. कारण सहा महिने घरात हेच वाक्य उलटं चाललं होतं. लग्न असो, बारसं असो, गणपतीची आरती असो, "तुम्ही जा, मी वर बसतो." तिथं माणूस वर अडकलेला, इथं खाली. मधल्या पायऱ्या तेवढ्या वेगळ्या.

तेव्हा पुढे झाले ते नाना. कुणाला न विचारता सरळ डोलीवाल्यांकडे गेले, दर ठरवला आणि त्यांना घेऊनच आले. भाऊ ऐकेनात. "माणसांच्या खांद्यावर बसून देवाला जायचं? मला नाही जमणार." त्यावर डोलीवाल्यांतला एक जण जे बोलला ते ऐका. "बाबा, हे आमचं कामच आहे. तुम्ही खाली बसलात तर आमचीही चूल खालीच राहील." भाऊ गप्प बसले आणि डोलीत बसले.

त्या माणसांचं कौतुक करावं तेवढं थोडं. आम्ही हात मोकळे असून दर पन्नास पायऱ्यांना थांबत होतो. ते एका लयीत चढत होते, आणि वळणावर "सांभाळा, सांभाळा" म्हणत दुसऱ्या भाविकांना बाजूला करत होते. नाना डोलीच्या शेजारून चालत होते. भाऊंची काठी त्यांच्या हातात होती.

वर गेल्यावर आधी दर्शन घेतलं. हे सातव्या क्रमांकाचं लेणं. बाहेर खांबांचा ओटा, आत गेलं की पन्नास फुटांहून लांब-रुंद सभागृह, आणि मध्ये एकही खांब नाही. एवढं छत दगडातच अधांतरी सोडलेलं. तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या राहायच्या खोल्या. गणपतीची मूर्ती भिंतीतच कोरलेली. भाऊंनी हात जोडले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. आम्ही बाहेर येऊन ओट्यावर बसलो. समोर कुकडीचं खोरं, ऊस, द्राक्षांच्या बागा, जुन्नर गाव आणि पलीकडे शिवनेरी. भाऊ म्हणाले, "सहा महिन्यांनी एवढं लांबचं बघतोय. खिडकीतून समोरच्या इमारतीची टाकी दिसते फक्त."

शेजारचं सहावं लेणं म्हणजे चैत्यगृह. आत स्तूप आहे, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, खांबांवर हत्ती, वाघ असे प्राणी कोरलेले. दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीतला लेख आहे. मास्तरांनी अर्थ सांगितला. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने हे चैत्यगृह दान दिलं. कल्याण! म्हणजे आपल्या लोकलचं कल्याण. तिथल्या माणसाने घाट चढून येऊन इथं देणगी दिली, दोन हजार वर्षांच्या आसपास होऊन गेली.

आणि मग मास्तरांनी ती गोष्ट सांगितली, जिच्यासाठी मी आज इथं उभी आहे. जुन्नरच्या भोवती डोंगराडोंगरांत लेणी आहेत. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजालेणी. त्यांतले लेख वाचले तर राजांपेक्षा साध्या माणसांची नावं जास्त सापडतात. यवन म्हणजे ग्रीक वंशाचे लोकही आहेत. इरिल नावाच्या एका यवनाने पाण्याच्या दोन टाक्या दिल्या. चिट नावाच्या दुसऱ्याने जेवणाचा मंडप दिला. आणि एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघटनेने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दिल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे कातळात खोदलेली टाकी. लेण्याद्रीवर अशी टाकी आहेत, त्यांत आजही पाणी दिसतं.

माझ्यातली बँकवाली तिथं जागी झाली. मी विचारलं, "मास्तर, एकदा खोदून दिलं ते ठीक. पण पुढचा खर्च?" ते म्हणाले, "त्याचीही सोय आहे." मानमोडीच्या डोंगरातल्या एका लेखात आदुथुम नावाच्या शकाने कोणाचिक श्रेणीकडे ठेव ठेवली आहे, २० निवर्तनं जमीन एका गावातली आणि ९ दुसऱ्या गावातली. करंजाची आणि वडाची झाडं लावण्यासाठी, असा अर्थ अभ्यासक लावतात. दुसऱ्या लेखात बांबूचं काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे पैसे गुंतवले आहेत. मुद्दल तसंच ठेवायचं आणि उत्पन्नातून कायमचा खर्च चालवायचा. मंडळी, याला आपण काय म्हणतो? सिंकिंग फंड म्हणतो! आपल्या उपविधीत लिहिलंय, बांधकाम खर्चाच्या दरवर्षी किमान पाव टक्का सिंकिंग फंडाला, आणि पाऊण टक्का दुरुस्ती-देखभालीला. महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा १९६०चा. जुन्नरचे बांबूवाले आणि कासार त्याच्या अठराशे वर्षं आधीचे.

आता विचार करा. धान्याचा व्यापारी काही वर लेण्यात राहायला जाणार नव्हता. त्याचं दुकान खाली बाजारात. डोंगरावरच्या टाकीतलं पाणी तो पिणार नव्हता, पिणार होते वर राहणारे भिक्षू आणि वाटसरू. "जो पिईल त्याने खोदावं" असा ठराव त्या श्रेणीने केला असता तर कड्यावर एकही टाकी झाली नसती.

खाली उतरून जेवलो. या भागात आलात तर मासवडी खाल्ल्याशिवाय जाऊ नका. नाव मासवडी, पण मासा नाही. बेसनाच्या पारीत तीळ-खोबऱ्याचं सारण आणि सोबत झणझणीत रस्सा. जेवण झाल्यावर नानांनी वही काढली. आमच्या प्रत्येक सहलीचा हिशेब नाना ठेवतात, आणि तो पैशापर्यंत बरोबर असतो. त्यांनी लिहिलं, डिझेल, मिसळ, तिकिटं, डोली, जेवण. बेरीज मारली आणि सातांनी भागली.

मास्तर म्हणाले, "नाना, डोलीत बसले एकटे भाऊ. वाटणी सातांत का?"

नाना वहीतून वर न बघता म्हणाले, "सहल सातांची आहे ना."

कुणी काही बोललं नाही. मास्तरांनी फक्त रस्सा आणखी मागवला.

मुक्काम जुन्नरला केला. रविवारी सकाळी आम्ही चौघं शिवनेरीवर गेलो. सात दरवाजे, शिवाईदेवीचं मंदिर, गंगा-जमुना नावाची टाकी, आणि १९ फेब्रुवारी १६३०ला शिवराय जन्मले ती जागा. ते सगळं मी सांगायला नको, तुमच्यातले निम्मे जाऊन आलेले आहेत. उरलेले घरच्या मुलांना घेऊन जा. भाऊ, माई आणि नाना खाली गाडीपाशी थांबले. नानांचे गुडघे ठणठणीत आहेत, तरी ते थांबले. आम्ही वर असताना भाऊंनी नानांना सांगितलं की घर विकायचं चाललंय, एजंट दोनदा येऊन गेला. मुलगा हडपसरला बाराव्या मजल्यावर राहतो, तिथं बोलावतोय. भाऊ म्हणाले, "तिथं दोन लिफ्ट आहेत. पण कट्टा नाही."

दुपारी नाणेघाटाला गेलो. घाटघरच्या पुढे पठारावरून गाडी अगदी जवळ जाते. कड्याच्या टोकाला तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. डाव्या हाताला जीवधन किल्ला, खाली सगळं कोकण. वाऱ्याने माणूस हलतो. भाऊ काठी टेकत, माईंचा हात धरून रांजणापर्यंत स्वतः चालत गेले. जरासं खाली उतरलं की गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा लेख आहे. केलेले यज्ञ आणि दिलेली दानं आकड्यांसकट लिहिलेली. गाई हजारांनी, कार्षापण हजारांनी. मी तो बघून वर आले आणि मनात आलं, राणीच्या गाई गेल्या, नाणी गेली, पण दाणेवाल्यांची पोढी अजून पाणी धरून आहे.

संध्याकाळी परत आलो. भाऊंना वर जायला पंचेचाळीस मिनिटं लागली. नाना तोपर्यंत जिन्याखाली उभे होते.

सहल संपली. आता हिशेब.

येत्या सर्वसाधारण सभेत लिफ्टचा विषय चौथ्यांदा येणार आहे. तिन्ही इमारतींना एकेक लिफ्ट, बाहेरच्या बाजूने. तळमजल्याच्या बारा घरांचा आक्षेप तुम्ही ऐकला आहे. आम्ही वापरणार नाही, मग आम्ही का द्यावं? हा प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाला एकदम मोठी रक्कम काढायला सांगणं सोपं नाही. आणि नानांची दुसरी अडचण तर अगदी खरी आहे. लिफ्टची चौकट त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येते, उजेड जातो. हे त्यांनी तीन सभांत सांगितलं आणि तीनही वेळा आपण "बघू" म्हणून पुढे गेलो.

उपविधी काय म्हणतो? लिफ्टची दुरुस्ती, देखभाल आणि चालवण्याचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांनी सारखा द्यायचा, कुणी वापरो वा न वापरो. हे लिहून ठेवलेलं आहे. पण नवी लिफ्ट बसवायची की नाही, हे आपण सभेत ठरवायचं. तिथं नियमापेक्षा मन लागतं.

मी जुनी मिनिट्स काढून वाचली. आठव्या वर्षी ड्रेनेजची लाइन बदलली. तुंबत होती ती तळमजल्यावर. तिसऱ्या मजल्याला वाससुद्धा येत नव्हता. खर्च सगळ्यांनी सारखा दिला, आणि तो ठराव मांडणारे होते भाऊ. पंधराव्या वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं. गळत होतं फक्त तिसऱ्या मजल्यावर. खर्च सगळ्यांनी सारखा दिला, आणि अनुमोदन होतं नानांचं. म्हणजे आपण हे आधीही केलेलं आहे. आपल्याला नवीन काही शिकायचं नाही.

म्हणून माझी दोन मागण्या आहेत. पहिली, सभेच्या आधी कमिटीने आर्किटेक्टला घेऊन नानांच्या स्वयंपाकघरात जावं, त्यांच्या खिडकीपाशी उभं राहून चौकट कुठे सरकवता येते ते बघावं. जागा बदलता येत असेल तर बदलावी, आणि मगच महानगरपालिकेकडे नकाशा द्यावा. नानांच्या उजेडाची किंमत देऊन भाऊंना लिफ्ट नको. भाऊंनाही ती नको आहे, त्यांनी मला तसं सांगितलंय. दुसरी, ज्यांना एकरकमी जमणार नाही त्यांना हप्ते बांधून द्यावेत आणि काही भार सभेच्या मंजुरीने राखीव निधीतून उचलावा. निधी त्यासाठीच असतो. मुद्दल जपायचं असतं, पण कुणासाठी जपतोय हेही बघायचं असतं. हप्त्यांचा तक्ता मी करून ठेवला आहे, ज्याला बघायचा त्याने घरी यावं. चहा फुकट.

हे सगळं सांगण्याआधी मी नानांची परवानगी घेतली. म्हटलं, "नाना, डोलीच्या पैशांचं सांगू का सगळ्यांसमोर?" ते म्हणाले, "सांगा. पण खिडकीचंही सांगा." दोन्ही सांगितलं. सभेत ते हात वर करतील की नाही, हे मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. ते त्यांचं मत आहे.

भाऊंनी एजंटला सभेपर्यंत थांबायला सांगितलंय. आज ते इथं नाहीत. वर खिडकीशी बसून माइकवरचं ऐकत असतील. भाऊ, ऐकताय ना? या पंचवीस वर्षांत आपल्यातले कितीतरी जण पस्तिशीतून साठीत आले. आज जे तिसऱ्या मजल्यावर धावत जातात, तेही कधीतरी पायऱ्या मोजायला लागतील. सभा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला, याच मांडवात आहे. सगळ्यांनी या. ज्यांना उतरता येत नाही त्यांना आणायला आम्ही खुर्ची घेऊन येऊ.

एवढं बोलून थांबते. अल्पोपाहार तयार आहे.